दोराला हात लावणारे आणि दोर ओढणारे

देवबाग-तारकर्लीकडे रापण ओढताना कधी पाहिलीय का? जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात शिरते, जाळं सोडत मोठा वळसा घेते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन थोड्या अंतरावर परत वाळूला लागते. मग दोन्ही दोरांना माणसं भिडतात. ओढता ओढता दोन्ही तुकड्या एकमेकींजवळ सरकतात, जाळं आवळत येतं आणि शेवटी फडफडणारी मासळी वाळूवर येते. लहानपणी मामाकडे गेलो की मीही दोराला लागायचो. लागायचो म्हणजे काय, पुढे एक काका, मागे एक काका, मध्ये माझे हात. दोर चालतच असायचा. मी ओढतोय की नुसता धरून चालतोय हे कोणाला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. पाच-सहा तारल्या मात्र वाट्याला यायच्या.

कुडाळात कंपनी सुरू केल्यापासून त्या दोराची आठवण वरचेवर येते. आम्ही बागायतदारांचा हापूस आणि कोकम थेट गिऱ्हाईकाच्या दारात पोचवतो. एक ॲप आहे, एक गोदाम आहे, नऊ माणसं आहेत. टीम बांधायची म्हटलं की लोक रिसॉर्टवरचे खेळ आणि एकसारखे टी-शर्ट सुचवतात. टी-शर्ट आम्हीही छापले. पावसाळ्यात ते गोदाम पुसायला कामी आले. म्हणून टी-शर्टच्या पलीकडचं, अभ्यासकांनी मोजून ठेवलेलं आणि आम्हाला ठेच लागून कळलेलं, असं मिळून इथे मांडतोय.

सुरुवात दोरापासूनच करू, कारण दोर ओढण्याचा खरोखरच शास्त्रीय अभ्यास झालाय. मॅक्स रिंगलमान हे फ्रान्समधले कृषी अभियंते. माणसं आणि जनावरं किती जोराने ओढतात हे मोजणं हा त्यांच्या कामाचाच भाग. त्यांचे आकडे १९१३ साली छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तो १०० धरला, तर दोघं ओढताना प्रत्येकाचा जोर ९३ वर येतो, तिघांत ८५ वर आणि आठ जणांत ४९ वर. आठ माणसं दोराला लावून जोर मिळाला तो जेमतेम चौघांचा.

असं का होतं? कारणं दोन. पहिलं, सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. एकाचा झटका येतो तेव्हा दुसरा दम घेत असतो. दुसरं कारण जरा नाजूक आहे: मागे एवढे जण आहेत म्हटल्यावर माणूस नकळत हात सैल सोडतो. १९७४ साली अमेरिकेत काही संशोधकांनी हे वेगळं करून पाहिलं. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मागे बाकीचे ओढतायत असं भासवलं, प्रत्यक्षात ओढणारा तो एकटाच. तरीही त्याचा जोर कमी झाला. पुढे मानसशास्त्रज्ञ लॅटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरडण्याचे आणि टाळ्या वाजवण्याचे प्रयोग केले, तिथेही तसंच झालं. पण त्यांना आणखी एक गोष्ट सापडली: प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे माहीत झालं की ही ढिलाई जवळजवळ नाहीशी होते.

माणूस मुळात आळशी असतो असं यातून निघत नाही. तो दिसत नसेल तर सैल पडतो. कंपनीत माणसं घेणं, त्यांना हिस्सा देणं, कामं वाटणं, बैठका घेणं, हे सगळं करताना दोरावरचा प्रत्येक हात दिसतोय ना एवढं तपासत राहायचं. आणि वाटा किती ते जाळं पाण्यात जाण्याआधी ठरवायचं. रापणीत जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा हे आधीच ठरलेलं असतं. मासळी वाळूवर आल्यावर कोणी नवे नियम काढत बसत नाही.

आता माणसं वाढवण्याबद्दल. आमच्या दुसऱ्या सीझनला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑर्डरी तुंबल्या. माझ्या डोक्यात साधा हिशेब: चार माणसांना झेपत नाही, तर अजून चार घ्या. घेतली. त्या आठवड्यात आदल्या आठवड्याहून कमी पेट्या गेल्या! झालं असं की आढीतून काढलेलं कुठलं फळ दोन दिवसांत खाण्याजोगं होईल आणि कुठलं पाच दिवसांत, हे ओळखायला नजर बसावी लागते. ती नव्यांकडे नव्हती. जुन्या चौघांपैकी दोघं शिकवण्यात अडकले, एक जण नव्यांनी भरलेल्या पेट्या उसकटून पुन्हा भरत बसला, आणि प्रत्यक्ष पॅकिंगला उरली एक मुलगी. तिने त्या आठवड्यात माझ्याशी बोलणं टाकलं होतं. बरोबरच होतं तिचं.

सॉफ्टवेअरच्या जगात हा अनुभव फार आधी लिहून ठेवलेला आहे. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली सांगितलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की काम आणखी लांबतं. एक कारण शिकवण्यात जाणारा वेळ. दुसरं कारण साध्या गणिताचं आहे. तीन माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या तीन होतात. पाच जणांत दहा, नऊ जणांत ३६ आणि पंधरा जणांत १०५. माणसं पाचपट झाली, तर 'अरे, तुला सांगायचं राहिलं' म्हणायच्या जागा पस्तीसपट झाल्या. दोन पिझ्झांत पोट भरेल एवढीच टीम असावी असं ॲमेझॉनचे जेफ बेझोस म्हणायचे ते याच भीतीपोटी. आमच्याकडे पिझ्झा कोण खातंय, पण एका टोपातली मच्छीकढी ज्यांना पुरते तेवढी माणसं एका कामावर, हे माप वाईट नाही.

म्हणजे माणसं घ्यायचीच नाहीत का? घ्यायची, पण सीझनच्या आधी. हापूसची घाई मार्चपासून असेल तर माणूस जानेवारीत हवा. मोहोर बघताना, बागायतदारांना फोन करताना, रिकाम्या पेट्या मोजताना तो काम शिकतो.

आता हिस्सा. भांडणं इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

तीन मित्र कंपनी काढतात. एकाला कोडिंग येतं, एकाची बागायतदारांशी ओळख, एकाने घरचे दोन लाख घातलेले. कणकवलीच्या हॉटेलात चहावर ठरतं: तिघांचे सारखे हिस्से, विषय संपला. सहा महिन्यांनी एकाला मुंबईत नोकरी लागते. तो जातो, हिस्सा मात्र तसाच राहतो. तीन वर्षं बाकीचे दोघं राबतात, आणि गुंतवणूकदार कागद बघून विचारतो, "हे तिसरे कोण?"

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या सातबाऱ्यावर बावीस नावं असतात. त्यातले अर्धे डोंबिवलीत, दोघं परदेशात, एकाचा पत्ता कोणालाच माहीत नाही. घराचं छप्पर गळतं तेव्हा यातलं कोणी येत नाही. जागा विकायची म्हटली की सही सगळ्यांची लागते. काम न करणाऱ्याच्या नावावर पडून राहिलेला कंपनीचा हिस्सा म्हणजे अशीच सामाईक जमीन.

यावर जगभर वापरात असलेला उपाय म्हणजे व्हेस्टिंग. हिस्सा कागदावर मिळाला तरी तो थोडा थोडा 'पिकतो'. रूढ पद्धत चार वर्षांची, त्यात पहिलं वर्ष कसोटीचं. समजा एकाचा हिस्सा ३० टक्के. तो दहाव्या महिन्यात सोडून गेला तर त्याला काहीच नाही. बारा महिने पूर्ण केले की चौथा भाग, म्हणजे साडेसात टक्के, पक्का झाला. पुढे दर महिन्याला ४८ वा भाग. अठराव्या महिन्यात गेला तर सव्वाअकरा टक्के त्याचे, उरलेले पावणेएकोणीस परत. परत कसे? संस्थापकांच्या नावावर शेअर आधीच असतात, म्हणून आपसातल्या करारात लिहायचं की न पिकलेले शेअर उरलेल्या संस्थापकांना नाममात्र किमतीत परत घेता येतील. हा करार वकिलाकडून करून घ्या. इंटरनेटवरून उतरवलेल्या कागदात राज्य दुसऱ्याचं आणि कायदा तिसऱ्याचा निघतो.

लोक म्हणतात, मित्रामित्रांत कागद कशाला, विश्वास नाही का? विश्वास आहे तेव्हाच कागद करायचा असतो. विश्वास उडाल्यावर सही कोण करणार? आणि सारखे हिस्से द्यायचे की कमी-जास्त, याला एकच बरोबर उत्तर नाही. माझं मत विचाराल तर पूर्णवेळ काम करणारा आणि 'शनिवार-रविवार बघतो' म्हणणारा यांचा हिस्सा कधीही सारखा नसावा. पैसे घालणाऱ्याचे पैसे वेगळे मांडावेत, घामाचा वाटा वेगळा. रापणीत जाळ्याचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगळा असतो, तो उगाच नाही.

नोकरीवर येणाऱ्यांनाही हिस्सा देता येतो, त्याला ईसॉप म्हणतात. यात शेअर लगेच हातात येत नाही. पुढे कधी तरी आजच्या ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क मिळतो. भारतात कंपनी कायद्याप्रमाणे हा हक्क देणं आणि तो पिकणं यात किमान एक वर्षाचं अंतर लागतं. समजा तुमच्या पहिल्या डेव्हलपरला ५०० शेअर प्रत्येकी १० रुपयांना घेण्याचा हक्क दिला. चार वर्षांनी शेअरची किंमत २०० रुपये ठरली. त्याने ५,००० रुपये भरून एक लाखाचे शेअर घेतले. ऐकायला झकास. पण शेअर घेतले त्याच वेळी मधले ९५,००० रुपये पगाराचं उत्पन्न धरले जातात आणि त्यावर कर लागतो, शेअर विकून हातात दमडी आलेली नसली तरी. ठरावीक मान्यता मिळालेल्या स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो, बाकीच्यांना ती सोय नाही. शिवाय कंपनी कोणी विकत घेतली नाही किंवा शेअर घेणारा मिळाला नाही, तर तो कागद कागदच राहतो. हे सगळं माणसाला आधी सांगा. 'पगार कमी आहे, पण ईसॉप देतो' असं म्हणून गावातल्या पोराला भुलवणं मला पटत नाही; त्याच्या आईला दर महिन्याला दुकानदाराचं बिल भागवायचं असतं. आणि कंपनी एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असेल तर ईसॉप हा विषयच नाही, कारण तिथे शेअर नसतात.

पदांबद्दल थोडक्यात. शिमग्याला पालखीचे मानकरी असतात, कोणाचा कुठला मान हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, आणि मानपानाच्या वादात पालखी अडल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्यात. चार माणसांच्या कंपनीत एक सीईओ, एक सीटीओ, एक सीओओ आणि एक सीएमओ असले की तीच गत होते. पुढे खरोखर अनुभवी माणूस घ्यायची वेळ आली की त्याला बसवायला खुर्ची नसते, आणि असलेल्याला उठवायचं तर त्याचा मान जातो. आम्ही पहिली तीन वर्षं पदं ठेवली नाहीत, फक्त कामं ठेवली: 'पेट्या', 'बागायतदार', 'ॲप', 'पैसे'. व्हिजिटिंग कार्ड जरा विचित्र दिसायचं एवढंच.

माणूस निवडायचा कसा? इथे कोकणातली पहिली अडचण म्हणजे भाचा. कोणाचा तरी भाचा बीएस्सी होऊन घरी असतोच, आणि त्याच्यासाठी ज्यांचा फोन येतो त्यांना नाही म्हणणं कठीण असतं. दुसरी अडचण अशी की ज्याला खरंच काम येतं त्याच्या घरच्यांना बँक, झेडपी किंवा मुंबई हवी असते. स्टार्टअप हा शब्द ऐकला की वडील विचारतात, "पर्मनंट कधी करणार?"

भाच्याचा प्रश्न नियमाने सुटतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. माणूस पुढे काम कसं करेल याचा चांगला अंदाज देणाऱ्या गोष्टींत दोन होत्या: प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं, आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या मापाने गुण देणारी मुलाखत. किती वर्षं शिकला आणि किती वर्षं अनुभव आहे यावरून मात्र फारच थोडं कळतं. म्हणून आम्ही येईल त्याला एक दिवसाचं खरं काम देतो आणि त्या दिवसाचे पैसे देतो. पॅकिंगला आलेल्याला तीस आंब्यांची प्रतवारी करायला लावतो. गिऱ्हाईकांशी बोलायला आलेल्याला एक चिडलेला ईमेल देतो: पेटीतली चार फळं साक्याने गेली आहेत, गिऱ्हाईक ठाण्याचं आहे, उत्तर लिही. साका म्हणजे गराची आतून होणारी नासाडी, बाहेरून फळ देखणं दिसतं, त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्न अवघड असतो. उमेदवार आधी माफी मागतो की आधी आंब्याचं शास्त्र शिकवायला लागतो, यात पुष्कळ कळतं. भाचा यात पास झाला तर आनंदाने घ्यावा. नापास झाला तर त्याच्या मामांना दाखवायला गुणांचा कागद असतो.

वडिलांच्या प्रश्नाला नियम नाही. त्यासाठी उंबरठ्यावर जावं लागतं. एका मुलीला घ्यायचं होतं तेव्हा मी तिच्या घरी जाऊन दीड तास बसलो, सोलकढी प्यायलो आणि कंपनीच्या खात्यात किती महिन्यांचा पगार शिल्लक आहे तो आकडा तिच्या वडिलांना सांगितला. अकरा. सल्लागार मंडळींना हे आवडणार नाही, पण ती आली आणि अजून आहे. गावात राहून काम देता येतं याचा मोठा दाखला द्यायचा तर तमिळनाडूत तेनकाशीजवळ झोहो कंपनीने कार्यालय थाटलं आणि शाळा-बारावीनंतरच्या मुलांना स्वतः शिकवून कामाला घेतलं. आपल्याकडे एवढी ताकद नाही. पण तयार माणूस मुंबईहून ओढून आणण्यापेक्षा इथला शिकवणं अनेकदा स्वस्त पडतं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

माणसं आली, आता बैठका. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा पुढचा माणूस एकेक मागणं म्हणतो आणि मागचे सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. देवासमोर ते शोभतं. सोमवारच्या बैठकीत संस्थापक बोलतोय आणि बाकीचे होय म्हाराजा म्हणतायत, अशी कंपनी मात्र लवकरच बुडते, कारण जाळ्याला भोक कुठे पडलंय ते दोराच्या टोकावर बसलेल्याला दिसत नसतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी होत असतील. आकडे उलटे आले: चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त! चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं चुका बोलून दाखवत होती. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. बोललो तर आपली शोभा होणार नाही, कोणी डूख धरणार नाही, या खात्रीला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटलं. पुढे गूगलने आपल्या १८० टीमचा अभ्यास केला, त्यातही हीच गोष्ट सगळ्यांत वर आली. कोण किती हुशार यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात याचा फरक मोठा निघाला.

पण सुरक्षितता म्हणजे गोड बोलणं असं समजू नका. आपल्याकडे उलट रोग आहे: समोर गोड, मागे गजाली. चहाच्या टपरीवर जे बोललं जातं त्याच्या निम्मं जरी बैठकीत आलं तरी कंपनीचं भलं होईल. आम्ही यासाठी एक साधी गोष्ट केली. बैठकीत पहिली चूक मी माझी सांगतो, तीही आकड्यासकट. सुरुवातीचे दोन महिने सगळे जमिनीकडे बघायचे. तिसऱ्या महिन्यात गोदामवाला म्हणाला, "ती सतरा पेट्यांची चूक कुरिअरची नव्हती, माझी होती." मी काही बोललो नाही. बोललो असतो तर पुढची चूक मला कधीच कळली नसती.

बैठक संपली की कामं वाटायची, आणि इथे रिंगलमान पुन्हा येतात. 'आपण सगळे मिळून बघू' हे वाक्य आमच्या फळ्यावर लिहायला बंदी आहे. प्रत्येक कामापुढे एकच नाव, एकच तारीख. मदतीला तिघं असोत, नाव एकाचंच. याला पाळत म्हणू नका. सीसीटीव्ही लावून माणूस किती वेळ खुर्चीत बसला ते मोजणं वेगळं, आणि कुठलं काम कोणाच्या हातचं आहे ते सगळ्यांना दिसणं वेगळं.

काम दिल्यावर किती ढवळाढवळ करायची? माझ्या मते दशावतारी कंपनीएवढी. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगायला बसायच्या आधी आख्यान कुठलं, कोणाची कुठली भूमिका, कुठला प्रसंग कुठे वळायचा हे ठरतं. मग पखवाजावर थाप पडते आणि पहाटेपर्यंत प्रत्येक जण आपले संवाद आयत्या वेळी रचतो. राजाचं काम करणारा स्त्रीपार्टीच्या तोंडात शब्द घालायला जात नाही. पण दोघांनाही आख्यानाचा शेवट पाठ असतो. टीमला शेवट नीट सांगायचा, म्हणजे या सीझनला काय गाठायचंय आणि काय अजिबात करायचं नाही हे. मधले संवाद त्यांचे त्यांना सोडायचे. शेवट न सांगता मोकळीक दिली तर तो गोंधळ होतो, दशावतार नाही. आणि नवशिक्याला पहिल्याच दिवशी मोकळं सोडायचं नसतं, तो आधी छोट्या भूमिका करतो.

माणूस चुकीचा निघाला तर? शहरात कामावरून काढलेला माणूस पुन्हा दिसत नाही. इथे तो बुधवारच्या बाजारात भेटतो, त्याची मावशी तुमच्या शेजारी असते आणि जत्रेत तो तुमच्याच रांगेत उभा असतो. म्हणून आपल्याकडे लोक काढतच नाहीत, नुसतं काम काढून घेतात आणि माणसाला कोपऱ्यात बसवतात. हे मला काढण्याहून वाईट वाटतं; आठ जणांच्या दोरावर एक हात सैल आहे हे बाकीचे सात रोज बघत असतात. नीट पद्धत अशी: काय कमी पडतंय ते उदाहरणासकट एकट्याला बसवून सांगा, सुधारायला सहा-आठ आठवडे द्या, लेखी द्या, आणि तरी जमलं नाही तर करारातली नोटीस, सगळा हिशेब आणि अनुभवाचं पत्र हातात द्या. दुसरीकडे काम शोधायला मदत करा. आमच्याकडून गेलेला एक जण आज मालवणात पर्यटकांना स्कूबाला नेतो आणि बऱ्यापैकी कमावतो. ऑफिसात तो स्क्रीनसमोर झोपायचा.

कायद्याचे दोन टप्पे मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. दहा माणसं झाली की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते, अध्यक्ष स्त्री आणि एक सदस्य बाहेरचा; ग्रॅच्युइटीचा कायदाही दहापासून लागू होतो. वीस झाली की भविष्य निर्वाह निधी. आम्ही नऊवर आहोत, समिती आत्ताच नेमून ठेवलीय.

इथलं वेळापत्रकही इथलंच हवं. गणपतीला सुट्टी द्यायची की नाही हा इथे प्रश्नच नसतो, माणसं जाणारच. शिमग्याला पालखी घरी येते त्या दिवशीही कोणी येणार नाही. जून-जुलैत लावणीला घरी हात लागतात. आम्ही जानेवारीतच भिंतीवर वर्ष टांगतो आणि हे दिवस आधी खोडतो, मग कामाच्या तारखा टाकतो. पूर्वी उलटं करायचो आणि भाद्रपदात रागावून बसायचो.

आणखी एक गोष्ट वादळाने शिकवली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोन लागत नव्हते. तिकडच्या एका ओळखीच्या उद्योगात सगळ्या बागायतदारांचे नंबर, बँकेचे पासवर्ड आणि येणं-देणं एकाच माणसाच्या मोबाईलमध्ये होतं, आणि तो मोबाईल बंद. बाकी टीम धडधाकट, पण हात बांधलेले. संगणकवाले याला गमतीने बस फॅक्टर म्हणतात: किती माणसं अचानक बसखाली आली तर काम ठप्प होईल? उत्तर 'एक' असेल तर टीम कितीही भरीव दिसो, ती एका माणसावर उभी आहे. आम्ही प्रत्येक कामाला एक जोडीदार ठरवलाय आणि वर्षातून दोन आठवडे कामांची अदलाबदल करतो. त्या दोन आठवड्यांत सगळं संथ चालतं. मी पेट्या भरतो तेव्हा तर फारच.

शेवटची पेटी गेली की पाऊस लागायच्या आत आम्ही सीझनचा हिशेब उघड्यावर मांडतो. गोदामातच, चटईवर. किती आले, किती गेले, नफ्यातला कोणाचा वाटा किती, आणि फळ्यावरची कोणाची कामं झाली, कोणाची राहिली. वाट्याचं सूत्र जानेवारीत ठरलेलं असतं, त्यामुळे त्यावर वाद होत नाही. यंदा माझ्याच नावापुढची दोन कामं कोरी निघाली. सगळे गप्प होते. पॅकिंगला सर्वांत शेवटी लागलेल्या मुलीने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या कधी होतला?"